ही बाजू वर

आमच्या न्हाणीच्या दारावर इंग्रजी अक्षरं होती,
काळी, ठसठशीत, उलटी टांगलेली.
परुळेकर मास्तर एकदा पाय धुवायला आत गेले
ते मान तिरकी करून तिथेच उभे राहिले.
"धाकू, यावर लिहिलंय, ही बाजू वर."
बाबा पानाला चुना लावत होते.
"दाराक वर काय नि खाली काय, मास्तर.
आडोसो झालो म्हंजे झाला."

ते दार म्हणजे एका खोक्याची बाजू.
खोक्यात ट्रक यायचा, समुद्र ओलांडून,
सुकटीसारखा दाबून भरलेला:
इंजिन, आस, चाकं, ग्रीसच्या कागदात.
फक्त पाठीमागचा हौदा यायचा नाही.
तो लाकडाचा. तो इथल्या हातांनी करायचा.

लढाईचं तिसरं वर्ष. वाघोटणच्या खाडीत
नवं गलबत कुणी बांधायला टाकेना.
विजयदुर्गाच्या धक्क्यावर कंपनीचा माणूस उतरला,
म्हणाला, सुतार पाहिजेत, रोज दीड रुपया.
मी तेव्हा आईच्या पोटात.
बाबांनी वाकस, पटाशी, रंधा गोणपाटात बांधला
आणि बोटीत चढले.

शिवडीच्या कारखान्यात कागदावर रेघा होत्या,
रेघांवर इंच.
बाबांनी जन्मात कधी कागद बघून लाकूड कापलं नव्हतं.
गलबत डोळ्यात असतं, ते म्हणायचे,
मग कण्यात उतरतं, मग नाळेत,
मग पाण्यात.
पहिला ट्रक पुरा झाला तेव्हा त्यांनी
सवयीने नारळ फोडला.
फोरमन कावसजी हसला.
खोबरं वाटून होईतो दुसरा ट्रक मागे येऊन उभा.
मग तिसरा.
संध्याकाळी त्यांनी हिशेब केला:
अशाने गिर्यापासून देवगडापर्यंत
एका माडावर नारळ उरणार नाही.

"होडयेक नाव असता," आईला सांगायचे,
"ती खंय गेली, कोणी बुडवली, सगळा कळता.
ह्येंका नंबर."
शेवाळी रंगाचे नंबर, फाटकातून बाहेर.
कुठे? बर्माकडे, कुणी म्हणायचं.
बर्मा म्हणजे भाताचं, सागाचं नाव,
एवढंच त्यांना ठाऊक.
डाव्या बाजूच्या शेवटच्या आडव्या तुळईला,
खालून, कुणाला दिसणार नाही असा
ते पटाशीने एक मासा कोरायचे.
दोन रेघा, एक शेपटी.
किती मासे सोडले, त्यांनी मोजलं नाही.

लढाई संपली. कामावरून काढलं.
बाबा परत आले ते एक खोकं घेऊन.

दोन पावसाळ्यांनी हसनमियां सोलकरांनी
डिस्पोजलमधला एक ट्रक आणला, सुकी मासळी न्यायला.
अख्खं गाव भोवती. पोरं टायरांना हात लावतायत.
बाबा मात्र रात्री गेले.
कंदील मी धरला होता.
ते पाठीवर सरकत आत गेले, खूप वेळ आतच.
तुळई दुसऱ्याच कुणाची होती.
मासा नव्हता. एक छोटा त्रिकोण होता,
तोही खालून, तोही कुणाला न दिसेल असा.
बाबांनी त्यावरून अंगठा फिरवला.
"ह्यो पण कोणतरी," एवढंच म्हणाले.

मग हौद्यात चढले.
मधल्या फळीवर एक डाग होता,
रंगाच्या दोन थरांतूनही वर आलेला.
सोलकर सकाळी म्हणाले, "राहू द्या मेस्त्री,
मासळीचेच डाग पडायचे आहेत वर."
बाबांनी ऐकलं नाही. ती फळी उचकटली,
फणसाची नवी बसवली, मजुरी घेतली नाही.

जुनी फळी आईने चुलीसाठी मागितली.
त्यांनी दिली नाही.
ओहोटीला खाडीत सोडली.
भरतीबरोबर ती धक्क्याच्या पायरीला परत लागली.
पुन्हा सोडली.
तिसऱ्यांदा काय झालं, मला ठाऊक नाही,
मला झोप लागली होती.

दार अजून आहे. बिजागऱ्या बदलल्या.
इंग्रजी वाचायला मी त्यावरच शिकले,
वाकून, डोकं खाली करून,
दोन पायांमधून बघत.